बँटम कोंबडीची शुद्धता कशी पारखावी ?

हौशी पक्षिपालनाचा प्रसार अलीकडे आपल्याकडे बराच होत आहे. शहरांतील बंगल्यांच्या आवारांत आणि आतां खेड्यांतील वाड्यांच्या परसांतही परदेशी जातींच्या लहानखुऱ्या, शोभिवंत कोंबड्या दिसूं लागल्या आहेत. त्यांची किंमत मांसाच्या वजनावर अगर अंड्यांच्या संख्येवर ठरत नसून 'शुद्ध जात' या दोन शब्दांवर ठरते. विकणारा हे दोन शब्द उच्चारतो, घेणारा त्यांवर विश्वास ठेवतो, आणि गावरान कोंबडीच्या कित्येक पट रक्कम हातोहात दिली जाते. पुढें वर्षा-सहा महिन्यांनीं त्या जोडीच्या पोटीं नाना रंगांचीं व नाना तुऱ्यांचीं पिल्लें निघालीं म्हणजे मग खरेदीदाराच्या लक्षांत येतें कीं, आपण पैसे मोजले ते वस्तूचे नव्हेत, नांवाचे.

बैलाच्या बाबतींत असें सहसा होत नाहीं. खरसुंडीच्या किंवा म्हसवडच्या बाजारांत खिल्लार खोंड पाहावयास गेलेला शेतकरी प्रथम दुरून अंगलट पाहतो, मग शिंगांची ठेवण, कान, कातडी, खूर व दांत पाहतो, चालवून पाहतो, आणि शक्य असेल तर खोंडाची आई व बाप कोणाच्या दावणीचे याची चौकशी करितो. या रीतींत दोन निरनिराळ्या परीक्षा आहेत. अंगलट आणि अवयव पाहणें ही एक. आई-बाप विचारणें ही दुसरी. पहिलीनें जनावर दिसण्यांत जातिवंत आहे कीं नाहीं हें कळतें. दुसरीनें त्याच्या पोटीं जातिवंतच निपजेल कीं नाहीं याचा अदमास येतो. कोंबडीची पारख करितांना हाच क्रम लावावा आणि एका परीक्षेचें उत्तर दुसरीचें म्हणून स्वीकारूं नये, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे. बोलणें मोघम राहूं नये म्हणून आम्ही सेब्राइट नांवाची एकच बँटम जात उदाहरणास घेत आहों. कारण तिचें प्रमाण अतिशय रेखीव असून या दोन परीक्षांमधील भेद तिच्यांत फार स्पष्ट दिसतो.

बँटम म्हणजे कोणती कोंबडी ?

'बँटम' हें नांव जावा बेटाच्या पश्चिम भागांतील बांतेन या जुन्या बंदरावरून पडलें. त्या बंदराशीं युरोपीय गलबतांचा व्यापार होता. तिकडील लहान कोंबड्यांस लागलेलें हें नांव पुढें लहान चणीच्या सर्वच कोंबड्यांस लागलें. जाणकार लोक बँटमांचे दोन वर्ग करितात. ज्यांचें मोठें रूप मुळांतच नाहीं अशा सेब्राइट, जपानी, नानकिन इत्यादि जाती ह्या 'खऱ्या बँटम' होत. लेगहॉर्न, वायंडॉट, ऱ्होड आयलंड रेड इत्यादि मोठ्या जातींचीं निवड करून केलेलीं लहान रूपें हा दुसरा वर्ग होय. दुसऱ्या वर्गांतील पक्षी पारखतांना मूळच्या मोठ्या जातीचींच लक्षणें लहान मापांत पाहावयाचीं असतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्रत्येक बँटम लहान असते. परंतु प्रत्येक लहान कोंबडी बँटम नसते. पिल्लेपणीं उपासमार झालेली किंवा जंतांनीं पोखरलेली गावरान कोंबडीही खुजी राहते. अशा पक्ष्याचें छातीचें हाड सुरीच्या पात्यासारखें हातास लागतें आणि अंगाच्या मानानें डोकें व पाय मोठे दिसतात. खऱ्या बँटमचे सर्व अवयव एकमेकांच्या प्रमाणांत असून अंग भरलेलें असतें.

सेब्राइट जात आणि तिचें प्रमाण-लक्षण

ही जात इंग्लंडांतील सर जॉन सेब्राइट (१७६७–१८४६) या जमीनदार गृहस्थांनीं सिद्ध केली. हे पार्लमेंटचे सभासद होते. जनावरांची पैदास सुधारण्याच्या कलेवर त्यांनीं १८०९ मध्यें सर जोसेफ बँक्स यांस उद्देशून लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. पक्ष्यांतील निवडीच्या कामीं त्यांचा अधिकार एवढा मोठा होता कीं, चार्ल्स डार्विन यांनीं आपल्या १८५९ च्या ग्रंथांत त्यांचा दाखला दिला आहे. कबुतरांमध्यें हवें तसें पीस आपण तीन वर्षांत उत्पन्न करूं, परंतु हवें तसें डोकें व चोंच मिळविण्यास सहा वर्षें लागतील, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें होतें. कोणकोणत्या जातींच्या संकरांतून त्यांनीं आपली बँटम घडविली याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. परंतु ती अनेक वर्षांच्या चिकाटीच्या निवडीचें फळ आहे यांत मतभेद नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच या एका जातीसाठीं एक मंडळी स्थापन होऊन तिचीं प्रदर्शनें लंडनमध्यें भरूं लागलीं.

इंग्रज पक्षिपालक ज्यास 'स्टँडर्ड' म्हणतात त्यास आम्ही येथें प्रमाण-लक्षण म्हणत आहों. त्या जातीचा सर्वांगपरिपूर्ण पक्षी कसा असावा, याचें अवयवशः केलेलें लेखी वर्णन म्हणजे प्रमाण-लक्षण. कोंबड्यांच्या अशा लक्षणांचा पहिला इंग्रजी ग्रंथ १८६५ मध्यें निघाला. अमेरिकेंत १८७३ मध्यें पक्षिपालकांची मोठी संस्था स्थापन होऊन १८७४ मध्यें तिनें आपला ग्रंथ काढला. त्यांत सोनेरी व रुपेरी हे सेब्राइटचे दोन्ही प्रकार आरंभापासून आहेत. परीक्षक एकंदर १०० गुण धरून प्रत्येक अवयवास त्यांतील कांहीं गुण नेमून देतो, आणि दोषांप्रमाणें ते वजा करितो. लेखी प्रमाणाचा मोठा लाभ हा कीं, त्यामुळें वाद विकणाराच्या शब्दावर किंवा पाहणाराच्या आवडीवर राहत नाहीं. दहा परीक्षकांसमोर तोच पक्षी ठेविला तर गुणांत थोडाफार फरक पडेल. परंतु पक्ष्यांत दोष कोठें आहे याविषयीं त्यांचें बहुधा एकमत होईल.

पहिली परीक्षा : डोळ्यांनीं आणि हातांनीं

आकार. पक्षी हातांत घेण्यापूर्वीं चार-पांच हात दूर उभें राहून त्यास मोकळा फिरूं द्यावा. जात आकारावरून ओळखावी आणि प्रकार रंगावरून, हा पक्षिपालकांचा जुना दंडक आहे. म्हणून रंगाकडे आधीं पाहूं नये. सेब्राइटची पाठ आंखूड असते, छाती पुढें व वर उचललेली असते, मान मागें झुकलेली असते, आणि पंख खालीं उतरते धरलेले असले तरी जमिनीस टेकलेले नसतात. शेपूट पंख्याप्रमाणें पसरलेलें असतें. चाल ठसकेबाज, जणुं कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे अशा ऐटीची असते. ज्याची पाठ लांब व सपाट आहे, किंवा ज्याचें शेपूट चिमटलेलें आहे, तो पक्षी पिसांनीं कितीही सुंदर असला तरी उत्तम सेब्राइट नव्हे.

नराचा पिसारा. या जातीचें मुख्य वैशिष्ट्य हेंच होय. इतर कोंबड्यांच्या नरास मानेवर व कमरेवर लांब, टोंकदार, चकाकणारीं पिसें येतात आणि शेपटांत विळ्याच्या आकाराचीं मोठीं पिसें येतात. सेब्राइट नरास यांपैकीं कांहींच नसावें. त्याचीं सर्व पिसें मादीच्या पिसांप्रमाणें गोल टोंकाचीं असावीं. नर ओळखावयाचा तो मोठा तुरा, गळ्याखालच्या लोंबत्या पाळ्या, पायांचीं नखरें आणि आरवणें यांवरून. ज्या नरास ठसठशीत विळ्याचीं पिसें आहेत तो प्रदर्शनांत टिकत नाहीं.

तुरा व चेहरा. तुरा गुलाबतुरा असावा. म्हणजे पुढें रुंद, डोक्यावर बसका, वरून बारीक दाण्यांनीं भरलेला, आणि मागें निमुळता होत एका टोंकांत संपणारा. तुऱ्याच्या माथ्यावर खळगा नसावा व बाजूस फांट्याचें बोंड फुटलेलें नसावें. चेहऱ्याचा रंग पिकल्या तुतासारखा जांभळट असावा असें प्रमाण-लक्षण सांगतें. परंतु हा रंग दुर्मीळ असून लाल चेहऱ्याचेच पक्षी पुष्कळ आढळतात. डोळे काळसर व मोठे, चोंच गडद शिंगाच्या रंगाची असावी.

पिसांचा कांठ. सोनेरी प्रकारांत पिसाची जमीन सोनेरी-तांबूस आणि रुपेरींत शुभ्र असते. आणि एकूण एक पिसास सभोंवार काळा, हिरवट चमकीचा कांठ असतो. लुगड्याचा कांठ जसा एकसारख्या रुंदीचा असतो, तसा हा कांठ पिसाच्या दोन्ही बाजूंस व टोंकास सारख्या रुंदीचा पाहिजे. पीस उचलून उजेडांत धरावें आणि तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, कांठ टोंकाशीं जाड होऊन चंद्रकोरीसारखा झाला आहे काय. तसें असल्यास तो कांठ नव्हे, ठिपका होय. दुसरी, जमिनींत मिरपूड उडाल्याप्रमाणें काळे कण आहेत काय. तिसरी, शेपूट, मांड्या व पंखांचें टोंक या तीन ठिकाणीं कांठ टिकला आहे काय. कारण छातीवर उत्तम दिसणारा कांठ बहुधा याच ठिकाणीं बिघडतो. विकणारा छाती दाखवितो. घेणारानें शेपूट पाहावें.

पाय व वजन. नळ्या निळसर पाटीच्या रंगाच्या, स्वच्छ, आणि बोटें चार असावीं. नळीवर एखादेंही पीस अगर पिसाचा खुंट असूं नये. ब्रिटिश प्रमाणाप्रमाणें नर २२ औंस म्हणजे सुमारें ६२० ग्रॅम व मादी १८ औंस म्हणजे सुमारें ५१० ग्रॅम असावी. अमेरिकेंत पूर्ण वाढलेल्या मादीस २० औंस धरितात. सव्वा-दीड किलोच्या आपल्या गावरान कोंबडीच्या निम्म्याहूनही हें वजन कमी आहे. वजन हातानें अजमावूं नये, कांट्यावर करावें; कारण पिसारा भरघोस असल्यानें नजर हमखास फसते.

हातांत घेणें. पिंजऱ्यांतून पक्षी काढतांना डोकें प्रथम बाहेर यावें आणि ठेवतांनाही डोकेंच प्रथम आंत जावें, म्हणजे पिसें अडकून मोडत नाहींत. छातीचें हाड तळहातावर आणि पाय बोटांमध्यें अशा रीतीनें धरिल्यास पक्षी स्वस्थ राहतो. मग छातीचें हाड सरळ आहे कीं वांकडें हें बोटानें चांचपावें. पंख उघडून मोठीं उड्डाणपिसें सरळ ओळींत बसलीं आहेत कीं मध्यें कायमची फट आहे हें पाहावें. शेपटाचा कणा एका बाजूस झुकला आहे काय, चोंचीचीं दोन्ही टोंकें जुळतात काय, आणि गुदद्वाराभोंवतीं उवा अगर विष्ठेची घाण आहे काय, हें सर्व याच वेळीं पाहून घ्यावें.

वय. वरील परीक्षा पूर्ण पिसारा आलेल्या पक्ष्याचीच करावी. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांचीं पिसें पुढें झडून नवीं येतात, आणि कांठ कसा उतरेल हें त्या वयांत निश्चयानें सांगतां येत नाहीं. लहान पिल्लें 'प्रदर्शनाच्या दर्जाचीं' म्हणून विकणारा मनुष्य जें अजून अस्तित्वांतच नाहीं तें विकत असतो.

उणीव, बाद आणि बनावट

दोषांचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळूं नयेत. कांठ कोठें जाड होणें, चेहरा लाल असणें, पाठ किंचित् लांब असणें ह्या उणिवा होत. यांनीं गुण कमी होतात. परंतु गुलाबतुऱ्याच्या जातींत एकेरी तुरा निघणें, स्वच्छ पायांवर पिसें असणें, शेपूट वांकडें असणें, चोंच वेडीवांकडी असणें, पंखांत कायमची फट असणें, यांनीं पक्षी स्पर्धेंतून बाद होतो. मग इतर नव्वद गुण असले तरी व्यर्थ. खरेदींतही हाच भेद पाळावा. उणिवेबद्दल भाव कमी करून मागावा. बाद होण्याजोग्या दोषाबद्दल मात्र भाव करूं नये, पक्षी परत करावा.

तिसरा प्रकार लबाडीचा. तुऱ्याचें नको असलेलें बोंड कापून टाकितात. तेथें पांढुरका वण राहतो. नळीवरील पिसें उपटतात. तेथें बारीक छिद्रें राहतात व महिन्याभरानें नवे खुंट येतात. नराचीं विळ्याचीं पिसें उपटून शेपूट मादीसारखें करितात. शेपटाच्या मुळाशीं बोट फिरविल्यास नव्या कोंबांची नळी हातास लागते. रंग दिला असेल तर साबणाच्या कोमट पाण्यांत भिजविलेला पांढरा कापूस पिसावर चोळून पाहावा. ज्याचा माल खरा आहे तो या तपासणीस हरकत घेणार नाहीं.

दुसरी परीक्षा : बीजाची

येथवर जें सांगितलें त्यानें पक्षी दिसतो कसा एवढेंच ठरलें. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें उताऱ्यावर एक पीक आणि शेतांत दुसरें, हा प्रकार आम्हांस नवा नाहीं. पक्ष्यांतही अंगावर एक आणि बीजांत दुसरें असें असूं शकतें. संकरित बियाण्याचा अनुभव आपल्या प्रत्येक वाचकास आहे. पहिल्या वर्षीं तें पीक एकसारखें, डौलदार येतें. परंतु त्याचेंच बीं राखून पुढील वर्षीं पेरलें तर उंच-ठेंगणीं, लवकर-उशिराचीं अशीं नाना तऱ्हेचीं ताटें उगवतात. पहिल्या वर्षीच्या शेतांत उभें राहून कोणी त्यास शुद्ध वाण म्हटलें, तर तें डोळ्यांस खरें वाटेल, पण खरें नसेल.

सेब्राइटमध्यें याचें उत्तम उदाहरण रंगाचें आहे. सोनेरी नर व रुपेरी मादी यांची जोडी लावली तर सर्व नर पिल्लें रुपेरी आणि सर्व मादी पिल्लें सोनेरी निघतात. कारण असें कीं, हा रंग ठरविणारें बीज नराच्या ठायीं दोन असतात आणि मादीच्या ठायीं एकच असतें. व रुपेरी बीज सोनेरी बीजास झांकून टाकतें. वरील रुपेरी नर पिल्लास बापाकडून सोनेरी व आईकडून रुपेरी बीज मिळालेलें असतें. तो अंगानें रुपेरी दिसतो, कदाचित् त्याच्या शुभ्र पिसांत पिवळसर छटा असेल, कदाचित् ती सहज ध्यानांत येणार नाहीं. उन्हानेंही पांढरें पीस पिवळें पडतें, म्हणून केवळ छटेवरून निर्णय देतां येत नाहीं. परंतु तोच नर उत्तम रुपेरी माद्यांबरोबर सोडला म्हणजे त्याच्या मुलींपैकीं सुमारें निम्म्या सोनेरी निघतात. मादीची गोष्ट वेगळी. तिच्याजवळ हें बीज एकच असल्यानें तिला तें झांकतां येत नाहीं. रुपेरी मादी या बाबतींत जशी दिसते तशीच असते. म्हणून जोडी घेतांना नराची चौकशी अधिक कसून करावी.

दुसरें उदाहरण तुऱ्याचें. कोंबड्यांच्या तुऱ्यांची वारसा-रीत विल्यम बेटसन यांनीं १९०२ मध्येंच प्रयोगानें दाखवून दिली. गुलाबतुऱ्याचें बीज एकेरी तुऱ्याच्या बीजावर वरचढ असतें. म्हणून एक गुलाबतुऱ्याचें व एक एकेरी तुऱ्याचें असें मिश्र बीज असलेला पक्षी गुलाबतुऱ्याचाच दिसतो. अशीं दोन मिश्र बीजें एकत्र आलीं कीं सरासरीनें दर चार पिल्लांत एक एकेरी तुऱ्याचें निघतें. शुद्ध दिसणाऱ्या जोडीच्या पोटीं एकेरी तुरा आला तर नर-मादी दोघांतही तें बीज लपलेलें होतें असें निश्चित समजावें. दोष दाण्याचा किंवा हवेचा नव्हे.

नर संशयित वाटल्यास त्याची कसोटी सोपी आहे. एखाद्या एकेरी तुऱ्याच्या कोंबडीशीं त्याची जोडी लावून सात पिल्लें उबवावीं. एक जरी पिल्लूं एकेरी तुऱ्याचें निघालें तर नर मिश्र ठरला. सातही गुलाबतुऱ्याचीं निघालीं तर तो या एका गुणापुरता शुद्ध मानण्यास हरकत नाहीं. कारण मिश्र नरापासून असें घडण्याचा संभव १२८ त एक एवढाच असतो. कसोटीचीं हीं पिल्लें मात्र पैदाशीस राखूं नयेत.

प्रमाणाची किंमत

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, मग प्रमाण-लक्षणांत पूर्ण उतरणारा आणि बीजानेंही शुद्ध असा नर मिळाला म्हणजे सर्व साधलें. परंतु निसर्ग इतका सरळ हिशेब करीत नाहीं. सेब्राइट नराचा मादीसारखा पिसारा हा केवळ वरचा शृंगार नव्हे. टॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दाखविलें कीं, या नरांचें वृषण काढून टाकिल्यास पुढें त्यांस नेहमींच्या कोंबड्यासारखीं लांब, टोंकदार पिसें येतात. पुढील संशोधनानें याचें कारण उलगडलें : या जातीच्या कातडींतच नरत्वाच्या स्रावाचें मादीच्या स्रावांत रूपांतर होत असतें. अशा नरांत फलनशक्ति मंद असल्याची तक्रार पैदासकार फार दिवसांपासून करीत आले आहेत. म्हणून कित्येक जण प्रदर्शनांत न टिकणारा, किंचित् विळ्याचीं पिसें असलेला नर पैदाशीसाठीं मुद्दाम राखतात.

गुलाबतुऱ्याचेंही तसेंच आहे. ज्याच्या ठायीं त्या तुऱ्याचीं दोन्ही बीजें आहेत, म्हणजे जो त्या गुणांत पूर्ण शुद्ध आहे, त्या नराची फलनशक्ति मिश्र नराहून कमी असते. याचें मूळ २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत सांपडलें. त्या बीजांतील एका उलटापालटीनें तुऱ्याचा आकारही बदलतो आणि वीर्यकणांची हालचालही मंदावते. तेव्हां गुलाबतुऱ्याच्या कळपांतून शंभर वर्षें निवड करूनही एकेरी तुऱ्याचीं पिल्लें अधूनमधून कां निघतात याचा उलगडा होतो. मिश्र नरास संतति अधिक होते, आणि लपलेलें बीज कळपांत टिकून राहतें.

यावरून सामान्य शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध असा. प्रदर्शनाचा पक्षी आणि पैदाशीचा पक्षी हे नेहमीं एकच नसतात. शिवाय सेब्राइट अंडीं थोडीं देते, क्वचितच खुडूक होते, आणि तिचीं पिल्लें नाजूक असून पंखपाय लुळे करणाऱ्या मॅरेक नांवाच्या रोगास लवकर बळी पडतात. या रोगाची लस पिल्लूं अंड्यांतून निघतांच टोंचून घ्यावी लागते. अंडीं उबविण्यास शांत स्वभावाची, हलक्या अंगाची गावरान खुडूक कोंबडी द्यावी. हा उद्योग उत्पन्नाचा आहे असें कोणी सांगत असल्यास त्याचा हिशेब आधीं कागदावर मांडून मागावा.

खरेदी करितांना

वरील सर्व विवेचनाचा उपयोग व्यवहारांत असा करावा :

१. विकणारास 'शुद्ध म्हणजे काय' हें प्रथम विचारावें. दिसण्यानें प्रमाणांत उतरणारी, कीं बीजानें खात्रीची ? दोहोंचा भाव निराळा असतो.

२. आई-बाप प्रत्यक्ष पाहावे. तेवढ्यानें भागत नाहीं. त्याच जोडीचीं मागील हंगामांतील वाढलेलीं भावंडें पाहावीं. एका सुंदर पक्ष्यापेक्षां दहा साधारण पण एकसारखीं भावंडें हा शुद्धतेचा मोठा पुरावा होय.

३. पैदाशीची वही मागावी. पायांतील कड्यांचे अंक, जोडी लावल्याची तारीख, उबविलेलीं अंडीं, निघालेलीं पिल्लें आणि त्यांतील बाद केलेलीं किती, हे रकाने तींत असावे. ज्या वहींत एकही पिल्लूं बाद केलेलें नाहीं ती वही विश्वासार्ह नव्हे.

४. पक्षी दिवसाच्या उजेडांत पाहावा. दिव्याखालीं रुपेरी व पिवळसर यांतला भेद कळत नाहीं. केवळ छायाचित्रावर सौदा करूं नये.

५. घरीं आणल्यावर तीन-चार आठवडे आपल्या कोंबड्यांपासून दूर ठेवावा.

हौस नसलेल्या वाचकांसही हा विषय परका नाहीं. कडकनाथाचें उदाहरण घ्यावें. मध्य प्रदेशांतील झाबुआ-धार भागांतील ही कोंबडी महाराष्ट्रांत पुष्कळांनीं पाळली, आणि २०१८ मध्यें झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकनही मिळालें. तिचा काळेपणा गावरानाशीं झालेल्या संकरांतही बराचसा उतरूं शकतो. मग काळें पिल्लूं दिसलें कीं त्यास कडकनाथाचा भाव देणें म्हणजे पहिल्या परीक्षेवर दुसरीचे पैसे मोजणें होय. तेथेंही भावंडें पाहावीं आणि वही मागावी.

आणखी एक विचार मनांत येतो. आपला असील कोंबडा परदेशीं गेला; त्याचें प्रमाण-लक्षण इंग्लंड-अमेरिकेच्या ग्रंथांत अवयवशः लिहिलें गेलें, आणि तेथील परीक्षक त्यावरून त्यास गुण देतात. आपल्या खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी व गौळाऊ या जातींची नोंद कर्नाळ येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें केली आहे हें खरें. परंतु ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या नजरेंत या जातींचें बारीक ज्ञान आहे, तें बहुतांशीं त्यांच्या नजरेंतच राहिलें आहे. नजर मनुष्याबरोबर जाते. कागदावर उतरलेलें लक्षण पुढच्या पिढीस वाद घालण्यास, सुधारण्यास आणि फसवणूक पकडण्यास उपयोगी पडतें. आपल्या गांवांत अशी नजर असलेला कोणी वृद्ध असेल, तर त्यास खोंडापाशीं उभें करून शिंगापासून खुरापर्यंत काय पाहावें तें एखाद्या सभासद बंधूनें क्रमानें लिहून घ्यावें व या मासिकाकडे धाडावें. इत्यलम्.